रेल्वेची सिग्नल यंत्रणा सगळीकडे एकसारखी केली तर खर्च वाचेल का? अपघात कमी होतील का?

खर्च वाचतो, मुख्यतः देखभालीत. मी भुसावळचा, वडील सिग्नल खात्यात होते. एका कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगचं (सिग्नल आणि रुळांचे सांधे एकमेकांशी बांधून चुकीचा मार्ग लागू न देणारी संगणकी यंत्रणा) कार्ड दुसरीच्या कपाटात बसत नाही. म्हणून सुटे भाग वेगळे, प्रशिक्षण वेगळं, पुढची खरेदीही तिथूनच. जोडणीचे नियम एक झाले की ही अडवणूक सुटते.

युरोपात तर २०हून जास्त यंत्रणा होत्या. सीमा ओलांडणाऱ्या थॅलिस गाडीत ७ बसवाव्या लागल्या! त्यातून ईटीसीएस (युरोपियन ट्रेन कंट्रोल सिस्टिम) हे समान मानक आलं. आपल्याकडे 'कवच' या गाडी आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेचे निकष आरडीएसओ, म्हणजे रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था, ठरवते. जळगावला मध्य रेल्वेवरून सुरत मार्गाला, म्हणजे पश्चिम रेल्वेत वळणाऱ्या इंजिनाला वेगळं यंत्र लागू नये, हाच त्यातला फायदा. रुळांमधल्या टॅगवरून इंजिनाला आपली जागा कळते. चालकाने लाल सिग्नलला ब्रेक लावला नाही तर यंत्र लावतं.

सुरक्षितता मात्र नुसत्या यंत्रावर सोडता येत नाही. २ जून २०२३ला ओडिशात बालासोरला झालेल्या रेल्वे अपघातात सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेल्या बदलातली चूक नडली. रिले रूमला, म्हणजे सिग्नलची उपकरणं असलेल्या खोलीला, दोन कुलपं असतात: एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नलवाल्याकडे. ही शिस्त पाळलीच पाहिजे, आणि पूर्ण चाचणी झाल्याशिवाय गाडी सोडताच कामा नये.