पोळ्या लाटायला पदवी कशाला?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. नाशिकमध्ये इंजिनीअरिंग, फार्मसीची एवढी कॉलेजं असताना तिला परभणीच्या कृषी विद्यापीठात होम सायन्सला जायचंय. तिची आत्या म्हणते, पोळ्या लाटायला पदवी कशाला? काय करावं? – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, ही शाखा कुणी उभी केली ते आत्याबाईंना जरूर सांगा. एलेन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ होत्या. अमेरिकेतल्या एमआयटीची पदवी मिळवणारी पहिली स्त्री, साल १८७३. पिण्याचं पाणी आणि अन्नातली भेसळ त्या प्रयोगशाळेत तपासायच्या. १८९९ मध्ये अमेरिकेतल्याच लेक प्लॅसिड गावी त्यांच्या पुढाकाराने परिषद भरली आणि या विषयाला विद्यापीठाची वाट मिळाली.

अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठाचा इतिहास तर मला फारच जवळचा वाटतो. तिथे मार्था व्हॅन रेन्सेलर यांनी १९०० मध्ये शेतकऱ्यांच्या बायकांसाठी घरपोच अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या पुस्तिकेचा विषय होता, घरकामातल्या खेपा कशा वाचवायच्या. बाईचे श्रमही मोजायचे असतात, हे विद्यापीठाने मान्य केलं! त्यातूनच १९२५ मध्ये स्वतंत्र गृहअर्थशास्त्र (होम सायन्सचंच तिथलं नाव) महाविद्यालय झालं आणि १९६९ मध्ये त्याचं नाव बदलून 'ह्यूमन इकॉलॉजी' झालं. आपल्याकडे दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ चं, अखिल भारतीय महिला परिषदेच्या प्रयत्नांतून उभं राहिलेलं.

परभणीतही आता नाव 'सामुदायिक विज्ञान' आहे. आहार, वस्त्रशास्त्र, बालविकास, विस्तार शिक्षण (म्हणजे नवं ज्ञान गावोगावी पोहोचवणं) असे विषय असतात. पण मुलीला मी आवर्जून सांगेन ते शेतकरी महिलांच्या श्रमांवर तिथे चालणाऱ्या संशोधनाबद्दल. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या विरळणीला बायका दिवसभर मान वर, हात वर करून उभ्या असतात. संध्याकाळी खांदे भरून येतात. हे काम करताना हृदयाचे ठोके किती वाढतात, कुठल्या स्नायूवर ताण येतो, कोणतं अवजार दिलं तर तो कमी होईल, हे या शास्त्रात मोजतात. आपल्या जिल्ह्याला अशी माणसं हवीच आहेत.

आता नोकरीचं. नुसत्या पदवीवर सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे धरून चला. हॉस्पिटलमध्ये आहारतज्ज्ञ व्हायचं तर पुढे एम.एस्सी. आणि नोंदणीची परीक्षा, असा लांबचा पल्ला आहे. अन्नप्रक्रिया उद्योगात गुणवत्ता तपासणीचं काम मिळू शकतं आणि नाशिकभोवती असे कारखाने बरेच आहेत. मुलीला केवळ आहारशास्त्रच आवडत असेल तर फक्त त्याच विषयाच्या पदव्याही तपासा.

सीईटीची तयारी चालूच राहू द्या. प्रवेशफेरीआधी दोघी एकदा परभणीला जाऊन या. प्रयोगशाळा बघा, हॉस्टेलची खोली बघा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून प्रॅक्टिकल किती होतात ते विचारा. जमलं तर आत्याबाईंनाही बरोबर न्या.