ट्रॅक्टरवरचं लाकूड फोडायचं मशीन हळू का चालतं? वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याआधी मुंबईत झाडांची छाटणी सुरू झाली की ओंडक्यांचे ढीग लागतात आणि माझ्याकडे फायरवूड प्रोसेसरचे प्रश्न यायला लागतात. ज्यांनी हे मशीन बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागे बाहेर आलेल्या, मशीनला ताकद देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर) चालतं, एका बाजूने अख्खा ओंडका आत जातो, चेन सॉ तुकडा पाडते, हायड्रॉलिक सिलेंडर तो तुकडा पाचरीवर दाबून फोडतो आणि फाळ्या पट्ट्यावरून बाहेर पडतात.

वसई: माझा ट्रॅक्टर ५० एचपीचा आहे, तरी एक तुकडा फोडायला १० सेकंद लागतात. मोठा ट्रॅक्टर घेऊ का?

नका घेऊ दादा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत होज (तेलाचे पाइप) ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिक पॉइंटला जोडलेले दिसतायत, सगळा उशीर तिथेच आहे. प्रेशरने ताकद मिळते पण वेग मिळतो तेलाच्या लिटरवर, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे प्रश्न सुटतात. तुमचा सिलेंडर आतून १०० मिमीचा आणि स्ट्रोक, म्हणजे दांड्याची एका वेळची धाव, ६० सेमी, म्हणजे तो पूर्ण बाहेर यायला साधारण ४.७ लिटर तेल लागतं. ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला ३० लिटर देत असेल तर झाले ना साडेनऊ सेकंद, त्यात इंजिन १०० एचपीचं असलं तरी काय फरक पडणार? मशीनला स्वतःचा पंप आणि स्वतःची तेलाची टाकी द्या, पंप पीटीओवर पण मध्ये वेग वाढवणारा गिअरबॉक्स टाकून, कारण साधा गिअर पंप पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांवर थेट लावला तर पुरेसं तेल देत नाही. मिनिटाला ६० लिटर मिळाले की तोच स्ट्रोक ५ सेकंदांच्या आत होतो. १८० बार प्रेशरला ६० लिटर म्हणजे पंपाला लागतात साधारण २८ एचपी, चेन आणि पट्टा धरूनही तुमच्या ५० मध्ये बसतं, आणि १८० बारला सिलेंडर जवळपास १४ टन जोर लावतो, आपल्याकडच्या बहुतेक लाकडाला तेवढा पुरतो.

आणि पंप घ्यायच्या आधी एक फुकटातलं काम करा. तुमचे तुकडे एक फुटाचे आहेत आणि सिलेंडर प्रत्येक वेळी दोन फूट मागे जातोय, म्हणजे अर्धा वेळ तो हवेतच फिरतोय. रिटर्नला, म्हणजे दांडा मागे येताना त्याला मध्येच थांबवणारा, स्टॉप लावा, तुकड्यापेक्षा दोन-तीन इंच जास्त मागे गेला तरी खूप झालं. मी पहिल्यांदा हे एका मशीनवर करून बघितलं तेव्हा मला स्वतःलाच विश्वास बसेना इतका फरक पडला.

भांडुप: रेस फुल ठेवली तर काम लवकर उरकेल ना?

नाही. मीटरवर पीटीओ ५४० ची खूण असते तिथे काटा ठेवा, बस. ट्रॅक्टरला इकॉनॉमी पीटीओ असेल तर तेच ५४० कमी इंजिन स्पीडवर मिळतात आणि डिझेल वाचतं, हलक्या लाकडाला तोच वापरा. खूणेच्या पुढे पळवलं की पंप किंचाळायला लागतो, तेल तापतं, सील जातात. डिझेल खरं कुठे जळतं सांगू का, गाठीचा तुकडा अडकला की ऑपरेटर लिव्हर दाबून उभा राहतो, तेव्हा तेल जादा प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून फिरत राहतं आणि सगळी ताकद नुसती उष्णता होते. तुकडा तीन सेकंदात फुटला नाही तर मागे घ्या, फिरवा, परत लावा. मे महिन्याच्या उन्हात टाकीवर थर्मामीटर हवाच, ८० अंशाच्या वर गेलं की मशीन थांबवा, आणि मॅन्युअलमध्ये चालत असेल तर ४६ च्या ऐवजी ६८ ग्रेडचं जाड तेल टाका.

गोरेगाव: रस्त्याकडेच्या झाडांचं लाकूड घेतो, चेन रोज बोथट होते. चेन खराब आहे का?

चेन नाही हो, लाकडात खिळे आहेत! आपल्या रस्त्यांवरच्या गुलमोहराला, रेन ट्रीला इतक्या पाट्या ठोकलेल्या असतात, लायटिंगच्या तारा गुंडाळलेल्या असतात, आणि झाड ते सगळं सालीच्या आत गिळून टाकतं. (मला याचं फार वाईट वाटतं, झाडाला खिळा ठोकणं बंद व्हायलाच पाहिजे.) कापलेल्या तोंडावर निळा-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. खोडाचा खालचा माणूसभर उंचीचा भाग वेगळा काढून ठेवा, बाकीच्यावर हातातला मेटल डिटेक्टर फिरवा. ओंडके मातीतून ओढत आणू नका, खाली दोन आडव्या बल्ल्या टाका, वाळूनेही चेन तशीच जाते. जाड ढलप्या पडतायत तोवर धार ठीक आहे, पीठ पडायला लागलं की लगेच चेन बदला. आणि चेनच्या सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही, तुटलेली कडी गोळीसारखी येते.

पालघर: मी आणि जाऊबाई साडीवरच मशीनवर काम करतो. पीटीओ शाफ्टचं प्लास्टिक कव्हर तुटलंय, तसंच चालवलं तर चालेल का?

ताई, नाही चालणार. मशीन आजच बंद करा. ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे, पदराचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. नवीन कव्हर बसवा, त्याच्या साखळ्या बांधा, आणि दोघींनीही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच जवळ जा. अडकलेला तुकडा काढायचा तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, चावी खिशात, आणि शाफ्ट थांबल्याशिवाय हात घालायचा नाही.

भिवंडी: मुंबईतल्या बेकऱ्यांना जळण पुरवायला मशीन घेतोय, योग्य आहे का?

बेकऱ्यांच्या भरवशावर घेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं होतं. हवा आपल्या सगळ्यांचीच आहे, त्यामुळे मला ते पटतं. फार्महाऊसवाले, गावाकडचे चुलीवरचे ढाबे असं गिऱ्हाईक आधी पक्कं करा, मग पैसे घाला.

कर्जत: लाकूड ओलं फोडू की वाळवून?

ओलंच फोडा. बाभूळ वाळली की दगड होते, मशीनला दुप्पट त्रास. ऑक्टोबरपासून फोडायला घ्या म्हणजे मेपर्यंत वाळायला ऊन मिळतं, जमिनीपासून वीतभर वर रचा, वरून पत्रा, बाजू मोकळ्या, ताडपत्रीत गुंडाळलं तर बुरशी येणार. चार फाळ्यांवर खडूने नंबर टाका आणि दर पंधरा दिवसांनी वजन करा, वजन उतरायचं थांबलं की माल विकायला तयार.