'डेटाटाइप पाळत नाही' हे वाक्य काढाच

तीन डेटाबेसांवर चालणाऱ्या तुमच्या लायब्ररीच्या डॉक्समध्ये 'एसक्यूलाइट डेटाटाइप पाळत नाही' एवढं एक वाक्य पुरेल का, असं विचारलंत. (एसक्यूलाइट हा त्यातला एक डेटाबेस; डेटाटाइप म्हणजे कॉलममध्ये आकडा, मजकूर की आणखी काही ठेवायचं ते सांगणारं नाव.) नाही पुरणार. जवळजवळ हेच वाक्य मी एकदा डॉक्सच्या एका पानावर लिहिलं होतं: 'कॉलमच्या टाइपकडे दुर्लक्ष होतं, काहीही लिहिलं तरी चालतं.'

एकाने ते खरं मानलं आणि कोड ठेवायच्या कॉलमला मजकूर या अर्थाने 'स्ट्रिंग' असा टाइप दिला. आत गेलं '००४१७', बाहेर आलं ४१७. '१२ई५' या कोडचे झाले १२०००००, कारण मधला ई घातांकाचा धरला गेला. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि गेलेली शून्यं डेटाबेसमधून परत मिळायची काही सोय नाही.

एसक्यूलाइट टाइपचं नाव वाचतं, फक्त आपल्या पद्धतीने. नावात कुठेही 'इंट' (INT) सापडलं की कॉलमचा कल पूर्णांकाकडे. 'चार' (CHAR), 'क्लॉब' (CLOB) किंवा 'टेक्स्ट' (TEXT) असेल तर मजकुराकडे. ब्लॉब (कच्चा बायनरी डेटा) आणि दशांशांचीही अशीच ठरावीक अक्षरं आहेत, आणि कशातच न बसणारं नाव न्यूमेरिक, म्हणजे शक्य तिथे आकडा करणारं. 'स्ट्रिंग' तिथेच जाऊन पडतं. 'फ्लोटिंग पॉइंट' तर पूर्णांक ठरतं, कारण 'पॉइंट'मध्ये 'इंट' आहे! हसू नका, हे नियमानुसारच आहे. पण हा नुसता कल, सक्ती नव्हे. पूर्णांकाच्या कॉलममध्ये 'अबक' टाकलंत तर ते मुकाट्याने मजकूर म्हणून बसतं.

मी दुरुस्ती पाठवली तर पान सांभाळणाऱ्या मंडळींचं उत्तर: 'नवशिक्यांना एवढा तपशील नको.' दोन रिलीज ती तशीच पडून राहिली. वर सुचवलं काय, तर कुठल्या डेटाबेसमध्ये काय चालतं याचा, बरोबर-चूकच्या खुणांचा तक्ता करा. मला त्या तक्त्यांचा मनापासून राग आहे. फॉरेन कीसमोर (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, हे बघणारा नियम) एसक्यूलाइटसाठी कुठली खूण करणार? सिंटॅक्स चालतो, पण प्रत्येक कनेक्शनवर प्राग्मा (सेटिंग बदलायची कमांड) लावून चालू केल्याशिवाय सहसा तपासणी होत नाही.

म्हणून माझ्या मते, काय आत टाकलं आणि काय बाहेर आलं ते उदाहरणाने दाखवा, आणि शेजारी आवृत्ती लिहा. 'राइट जॉइन (दोन टेबलं जोडायची एक पद्धत) नाही' हे एसक्यूलाइट ३.३९ (२०२२) पासून खोटं आहे, 'कॉलम काढता येत नाही' हे ३.३५ (२०२१) पासून. ३.३७ पासून स्ट्रिक्ट, म्हणजे टाइपची सक्ती करणारी टेबलं आली; तिथे 'स्ट्रिंग' लिहिलं तर टेबलच बनत नाही. माझ्या वेळी ती असती तर!

अर्थात तुमची लायब्ररी मी पाहिलेली नाही. टेबलं तीच बनवत असेल, तर टाइपच्या नावांची ही भानगड वापरणाऱ्यांपर्यंत बहुधा येणारच नाही.

आणि हो, आवृत्ती कमांड लाइनवर बघून लिहू नका. तिथली वेगळी आणि तुमच्या प्रोग्रॅमबरोबर लोड होणारी वेगळी असू शकते. प्रोग्रॅममधूनच क्वेरी करून विचारा.