तौक्ते पचवलेला डोंगर दोन महिन्यांनी साध्या पावसात का सुटतो?

तुमचा प्रश्न असा आहे की चक्रीवादळ जितकं जोरदार तितक्या दरडी जास्त कोसळतात का, आणि मुंबईत किती मिलिमीटर पाऊस झाला की डोंगरावरची घरं सोडावीत.

पहिल्याचं उत्तर 'नाही'. तेवढंच लिहून उठलो असतो, पण हाच वाद आमच्या घरात २०२१ पासून धुमसतोय.

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, भांडुपच्या टेकडीवर राहतात आणि चाळ कमिटीचे अध्यक्ष आहेत. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा त्यांनी पत्रे दोरखंडानं आवळले, वर दगड ठेवले, बायका-पोरांना खालच्या शाळेत पाठवलं. कुलाब्याला वारा ताशी ११४ किलोमीटरला गेला, सांताक्रूझला २४ तासांत २३० मि.मी. पाऊस पडला. टेकडीचा एक दगड हलला नाही. तेव्हापासून दाजींचं एकच: "तौक्ते पचवलं या डोंगरानं, पावसाचं काय घेऊन बसलास!"

पुढे जूनमध्ये मी त्यांच्याकडे गेलो होतो. मी बांधकामावर सुपरवायझर आहे, त्यामुळे नजर आधी घरामागच्या संरक्षक भिंतीकडे जाते. कंत्राटदारानं भिंतीला गुळगुळीत प्लॅस्टर मारलं होतं आणि त्यात पाणी बाहेर पडायची सगळी भोकं बुजली होती. दाजी खूश, कारण भोकांतून येणाऱ्या गढूळ पाण्यानं बोळात चिखल व्हायचा, तो बंद झाला होता. मी म्हटलं, "दाजी, कुकरच्या शिट्टीवर बोट ठेवलंय तुम्ही. ही भोकं आजच्या आज मोकळी करा." त्यावर कमिटीचा निधी, प्लॅस्टरचा खर्च, लोक काय म्हणतील, असं सगळं ऐकवलं गेलं. ताई मध्ये पडली नाही. ती अशा वेळी चहा टाकायला उठते.

१७ जुलैच्या रात्री धो धो पाऊस सुरू झाला. सांताक्रूझचा आकडा पुन्हा सव्वादोनशेच्या पुढे, म्हणजे तौक्तेइतकाच. वादळ नव्हतं, नाव दिलेलं काही नव्हतं. पहाटेपर्यंत चेंबूरच्या भारत नगरमध्ये उतारावरची भिंत घरांवर आली, विक्रोळीत घरं खाली आली, शहरात तीसहून जास्त माणसं गेली. दाजींची भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली आणि मागच्या मोरीत गुडघाभर मुरूम शिरला. घरात सगळे जागे होते म्हणून बचावले. दाजी आजही म्हणतात, "पण झालं काही नाही ना?"

झालं काय ते सांगतो. मे महिन्यात टेकडी कोरडीठाक असते. वरचा मुरूम पहिलं पाणी पिऊन टाकतो. जुलैत त्यानं महिनाभर पाऊस मुरवलेला असतो, पोकळ्या भरलेल्या असतात. त्यावर आलेल्या पाण्याला जायला जागा नाही, ते मुरूम आणि खालचा काळा पाषाण यांच्या सांध्यात साचतं आणि आतून दाब देतं. मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड त्या दाबानं सुटते, वजन मात्र वाढलेलं असतं. त्यात आपण घरासाठी उताराचा पायथाच कापलेला. वाऱ्याचा यात संबंध फार थोडा, झाडं हलवण्यापुरता.

जगातही हेच दिसतं. १९९८ चं मिच हरिकेन समुद्रात पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं होतं. निकाराग्वात त्याचा केंद्रबिंदू गेलाच नाही, तरी ओसरत्या वादळाच्या पावसानं कासिता ज्वालामुखीची कड सुटली आणि दोन हजारांच्या आसपास माणसं गाडली गेली. तैवानचं मोराकोट वादळ (२००९) वाऱ्याच्या मानानं मध्यमच, पण रेंगाळलं. डोंगरात काही दिवसांत अडीच हजार मि.मी.हून जास्त पाऊस पडला आणि शिआओलिन गाव गेलं. आफ्रिकेतल्या मलावीत २०२३ ला फ्रेडी चक्रीवादळ पोचलं तेव्हा त्याचा जोर संपत आला होता, तरी ब्लँटायरच्या उतारांवरच्या वस्त्या वाहून गेल्या. तेव्हा वादळाची श्रेणी विचारू नका. ते किती वेळ एका जागी घुटमळणार आणि खालची जमीन आधीच किती भिजलेली आहे, हे विचारा. आपल्याकडे तर ऐन जुलैत चक्रीवादळ सहसा होतच नाही. २६ जुलै २००५ चे ९४४ मि.मी. वादळाशिवायच पडले, आणि त्यातच साकीनाक्याचा डोंगर आला.

डोंगराला लागून राहत असाल तर पावसाळ्याआधी भिंतीची भोकं बघा, त्यांत काठी घालून बघा. भर पावसात त्यांतून पाणी येणं चांगलं, अचानक बंद होणं वाईट. वरच्या जमिनीला भेग, विजेचा खांब कललेला, दार अडकायला लागलेलं, यातलं काहीही दिसलं की कागदपत्रं घेऊन निघा. अध्यक्षांची परवानगी लागत नाही.

हे सगळं मुंबईतल्या कापलेल्या उतारांपुरतं. इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी कड वरून येते, तिथे भिंत आणि भोकं काही कामाची नाहीत. आणि मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. भिंती बांधतो, तेवढंच.

राहिला मिलिमीटरचा प्रश्न. पावसाची तीव्रता आणि तो किती तास चालला, यांवरून अभ्यासक मर्यादा काढतात, पण ती प्रत्येक डोंगराची वेगळी आणि जूनची वेगळी, ऑगस्टची वेगळी. मी आकडा देणार नाही. दोनशे म्हटलं, तर दाजी एकशे नव्वदला घोरत पडतील.