पेडल बिघडलेलं नाही, प्रीसेट चुकीच्या खोलीत बनलेत

देवगडहून ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी लिहितोय. तुमचं म्हणणं असं की प्रोग्रामेबल इक्यू पेडलवर (गिटारचे जाड-बारीक स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायचं पायाखालचं यंत्र) घरी चार प्रीसेट (स्लायडरच्या सेव्ह केलेल्या जागा) बसवले, कानाला झकास लागले, आणि जत्रेच्या ऑर्केस्ट्रात गिटार कुठे ऐकूच आली नाही. सोलोचा प्रीसेट दाबला तर नुसतं घुमलं. आता पेडल सर्व्हिसला पाठवू का?

नका पाठवू. मी पाठवलं होतं.

आधीच सांगतो, मी साऊंड इंजिनिअर नाही. कुडाळात मोटार वायंडिंगचं दुकान आहे आणि हंगामात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. कुठली केबल कुठे लावायची, अडॅप्टर कुठला, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

माझं घर चिऱ्याचं, वर कौलं. रात्री पोरं झोपली की ॲम्प जेमतेम चालू करायचा आणि स्लायडर खेळवत बसायचं. बेस वर, ट्रेबल वर, मधले सगळे खाली. पेडलवर हसरं तोंड दिसायला लागलं की समजायचं, टोन जमला! मग माघी गणपतीला वेंगुर्ल्याच्या बाजूला कार्यक्रम होता, पत्र्याचा मंडप. दुसऱ्याच गाण्याला आमचा बेसवाला कानाशी येऊन विचारतो, "काय रे, गिटार चालू आसा मां?" चालू होती हो! मला ऐकू येईना म्हणून मी आवाज वाढवत होतो आणि घुमतंय म्हणून साऊंडवाला खाली घेत होता. रात्रभर हाच खेळ.

खापर अर्थातच पेडलवर फोडलं. वॉरंटी होती, म्हणून कोकणकन्येने रात्रभर बसून मुंबईला गेलो. सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने पेडल हातात घेतलं आणि कानाशी धरून हलवलं, नारळात पाणी आहे का बघतात तसं. मी म्हटलं, गिटार लावून तरी बघा. तर म्हणे गिटार इथे नसते, ऑब्झर्वेशनला ठेवतो, पंधरा दिवसांनी फोन करा. फोन केला की वेगळाच माणूस उचलणार आणि पावती नंबर पुन्हा पहिल्यापासून विचारणार. सात आठवडे गेले. शेवटी कुरियरने खोकं आलं, आत चिठ्ठी: "दोष आढळला नाही. युनिट रीसेट केले." वर तपासणीचे पैसे. रीसेट केलं म्हणजे माझी मेमरी कोरी! दोन महिने बसून केलेले प्रीसेट गेले आणि एकही आकडा मी कागदावर लिहिलेला नव्हता. पाठवायच्या आधी पॅनेलचा फोटो काढा, एवढं एक वाक्य पावतीवर छापायला यांचं काय जात होतं? असो.

पण मधल्या काळात शिमगा आला, तेव्हा एका मित्राचं बॉस कंपनीचं जुनं इक्यू पेडल, जीई-७, मागून आणलं. त्यात मेमरी-बिमरी काही नाही. सात स्लायडर: १००, २००, ४००, ८००, १६००, ३२०० आणि ६४०० हर्ट्झ. घरी सेव्ह करून न्यायची सोयच नाही, त्यामुळे स्टेजवर ड्रम आणि बेस वाजत असताना मूठभर वेळात बोटाने बसवायचं. आणि त्या रात्री गिटार ऐकू आली. साऊंडवाल्याने अंगठा दाखवला, जो तो सहसा फक्त चहावाल्याला दाखवतो.

कारण तसं जुनंच आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं होतं की आवाज कमी असला की आपल्या कानाला बेस फार कमी ऐकू येतो आणि वरची टोकंही दबतात. म्हणून रात्री घरी आपण दोन्ही टोकं वाढवतो. स्टेजवर आवाज मोठा झाला की तोच वाढवलेला बेस अंगावर येतो. आणि मधला भाग, जिथे गिटार खरी ऐकू येते, तो आपणच कापून ठेवलेला असतो.

गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ. बेस गिटारची ४१. म्हणजे १०० च्या आसपास बेसवाला आणि ड्रमचा किक आधीच ठाण मांडून बसलेत, तिथे घुसून काही मिळत नाही. मी १०० खाली घेतो, २०० थोडा खाली (पत्र्याखाली घुमणं बहुतेक इथलंच), ८०० तीन-चार डेसिबल वर. एकट्याने ऐकलं तर हा टोन नाकातला आणि भिकार वाटतो. वाटू द्या, बँडमध्ये बसतो. ॲम्पशिवाय थेट मिक्सरला जात असाल तर ६४०० बराच कापा, नाहीतर पत्रा खरवडल्यासारखं येतं. ॲम्पचा स्पीकर तो भाग स्वतःच गाळून टाकतो, मिक्सर गाळत नाही.

सोलोचा प्रीसेट ओव्हरड्राइव्हच्या (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलच्या) आधी लावलाय का ते बघा. आधी असेल तर वाढवलेल्या डेसिबलने गेन, म्हणजे फाटणं, वाढतो, आवाज फारसा वाढत नाही. नंतर लावला की खरोखर पुढे येतो. माझं मत नंतरचं. आधी लावणारेही चांगले वाजवतात, भांडायला येऊ नका. फक्त ॲम्प स्वतःच फाटत असेल तर पेडल त्याच्या इफेक्ट्स लूपमध्ये (आवाज फाटून झाल्यावर पेडल जोडायची ॲम्पवरची वेगळी जागा) हवं. आणि १५ डेसिबलपर्यंत स्लायडर जातो म्हणून न्यायचा नसतो.

एक प्रीसेट कायम सपाट ठेवा, सगळे स्लायडर मधोमध. काही बिनसलं की तो दाबायचा, म्हणजे दोष पेडलचा की जागेचा ते लगेच कळतं. हे मी केलं असतं तर मुंबईचं तिकीट वाचलं असतं. आणि प्रीसेट तालमीला पूर्ण आवाजात, सगळे वाजवत असताना सेव्ह करा. घरचे पुसून टाकले तरी चालतील.

धंद्याची सवय म्हणून आणखी एक. गुणगुण येत असेल तर ती १०० चा स्लायडर खाली करून लपवू नका. मंडपाच्या बोर्डात अर्थिंग नसतं, किंवा कुणीतरी तिसरी पिन मोडून प्लग घातलेला असतो. तारांवर हात आणि माइकला ओठ लागला की झटका बसतो, ओल्या जमिनीवर तर विचारूच नका. टेस्टर खिशात ठेवा. खाऱ्या हवेने जॅक हिरवे पडतात, ते महिन्यातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. आवाज मधेच जातो-येतो तो निम्म्या वेळा तिथूनच.

आता तुम्ही ॲम्पवर वाजवता की थेट मिक्सरला, आणि इक्यू ओव्हरड्राइव्हच्या आधी आहे की नंतर, एवढं लिहा. जमल्यास चारही प्रीसेटचे फोटो टाका, मग कुठला स्लायडर किती ते बघून सांगतो.