उभं आहे ते आधी राख

प्रिय मुली,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसले होते, पण पहिल्या पानावर नुसता राग उतरला, म्हणून ते फाडून टाकलं. राग तुझ्यावर नव्हता. ‘जूनमध्ये मोजायला गेले तर रोपांच्या खुणेसाठी रोवलेल्या चाळीस झेंड्यांपैकी पाचांपाशीच रोप जिवंत होतं’ हे तुझं वाक्य वाचलं आणि माझी जुनी वही डोळ्यांपुढे आली. त्या वहीतले आकडे याहून वाईट आहेत.

काय चुकलं, असं तू विचारतेस. लागवडीला उशीर झाला का, बियाणं परक्या भागातलं होतं का, मुळं वळली का. यांची उत्तरं पुढे देते. पण तुझा खरा प्रश्न पत्राच्या शेवटी, घाईत लिहिलेल्या चार ओळींत आहे. एकीकडे जळालेल्या पठारावर सेजब्रश या झुडपाची लाखभर रोपं लावायचं मोठं काम, ज्यात तुझं नाव होईल. दुसरीकडे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या डग्लस काउंटीत पक्षी आपटू नयेत म्हणून कुंपणांना पट्ट्या लावायची, चीटग्रास हे परकं गवत मारायची आणि शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसून जमीन न नांगरण्याच्या करारांची बोलणी करायची लहानशी नोकरी. कुठलं घेऊ?

दुसरं घे. उभं आहे ते आधी राख. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे आणि तू कंटाळलीस तरी म्हणणार आहे.

तू बार्शीकडची, मी मोहोळची. त्याच काउंटीतल्या वॉटरव्हिलच्या पठारावर मी पहिल्यांदा गाडीतून उतरले तेव्हा मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. पायाखाली तोच काळा पाषाण. आपला दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि कोलंबिया नदीकाठचा दीड-दोन कोटींच्या आतला, पण दोन्ही लाव्हाच्या पुरांनी थरावर थर चढवून घडवलेले. वर तसंच उघडं आभाळ, तसाच वारा. मग पाऊस पडला आणि सेजब्रशचा वास सुटला. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा! मागाहून कळलं की दवणा आणि हे झुडूप एकाच कुळातलं, दोघंही आर्टेमिसिया. त्या दिवशी मी इथे राहायचं ठरवलं.

आणि त्याच दिवशी सोबतच्या एकाने खिडकीतून बोट दाखवून म्हटलं, ‘इथे काहीच नाही.’ आपल्याकडेही माळाला पडीक म्हणतात. काहीच नाही म्हटलं की त्या जमिनीचं काहीही करता येतं, नांगरता येते, जाळता येते, झाडं लावून तिचं भलंही करता येतं. सोलापूरकडच्या माळांवर गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावणारे लोक वाईट नव्हते. त्यांना मोकळं रान बघवत नव्हतं, इतकंच. माळढोकाला मात्र ते मोकळं रानच हवं होतं. नान्नजला अभयारण्य 1979 साली झालं, आणि आज तुला तिथे माळढोक बघायचा असेल तर मी काय सांगू? तू स्वतः लहानपणी वडिलांबरोबर दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परत आलीस, हे तूच मला सांगितलंस.

म्हणून तुला झुडूप म्हणजे काय हे समजावत बसत नाही. तू सेज ग्राऊज नरांचा विणीच्या हंगामातला नाच पाहिला आहेस. हिवाळ्यात हा पक्षी जवळजवळ फक्त सेजब्रशची पानं खाऊन जगतो हे तुला पाठ आहे. मादी त्याच झुडपाखाली अंडी घालते, पिल्लांना पहिले काही आठवडे किडे आणि कोवळी रानफुलं लागतात, म्हणजे झुडपांच्या मधल्या जागेत झुबक्यांचं देशी गवत आणि फुलझाडंही हवीत. हे सगळं एका ठिकाणी आणि मैलोन्मैल सलग. पिग्मी ससा तर त्याच झुडपाच्या बुंध्याशी बीळ खणतो आणि थंडीत तेच झुडूप खातो. कोलंबिया खोऱ्यातला हा ससा 2001 साली देशाच्या संकटग्रस्त यादीत आला तेव्हा उरलेले जीव पकडून पिंजऱ्यात वाढवावे लागले होते. एवढं सगळं ज्या झुडपाच्या जिवावर आहे, ते झुडूप आग लागली की मरतं, आणि मुळापासून पुन्हा फुटत नाही.

ही गोष्ट तू वाचली आहेस, पण ती अजून तुझ्या हाडात उतरलेली नाही. उतरली असती तर तू लाखभर रोपांच्या आकड्याने हुरळली नसतीस. आमच्याकडे 2020 च्या सप्टेंबरात, लेबर डेच्या सुट्टीत, वाऱ्याने पर्ल हिलची आग भडकली. पलीकडच्या ओकानोगन बाजूच्या आगीने अख्खी कोलंबिया नदी ओलांडली होती. डग्लस काउंटीत दोन लाख एकरांहून जास्त रान काही दिवसांत काळं झालं. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याने सेज ग्राऊजला ‘धोक्यात’ मधून ‘नष्ट होण्याच्या मार्गावर’ या वर्गात टाकलं. 1998 पासून आम्ही त्याला फक्त ‘धोक्यात’ म्हणत होतो.

त्या राखेत नंतर काय होतं ते पाहा. सेजब्रशचं बी बारीक, किलोभरात लाखोंनी मावेल इतकं, पण ते आईपासून काही पावलांवरच पडतं आणि जमिनीत फार वर्षं टिकत नाही. मोठ्या आगीच्या मध्यभागी आईच उरत नाही. तिथे चीटग्रास शिरतं. एकोणिसाव्या शतकात युरोप-आशियातून आलेलं हे गवत शरदातच उगवून बसतं, देशी रोपं जागी व्हायच्या आत वसंताची ओल पिऊन टाकतं आणि जूनपर्यंत वाळून कागदासारखं होतं. मग पुन्हा आग, पुन्हा चीटग्रास. वर्षाला 250 ते 300 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बराचसा बर्फ म्हणून. अशा ठिकाणी तुझ्या वीतभर रोपाने जूनमध्ये काय प्यायचं होतं? त्यातून शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीवांची जी पापुद्र्यासारखी साय मातीवर असते, तीही बुटांखाली आणि टायरांखाली मोडलेली. ती परत धरायला दशकं जातात.

तुझी पाच रोपं जगली हे चांगलं आहे. मी खोटं बोलत नाही.

आता तुझे लहान प्रश्न. रोपं नोव्हेंबरात लावलीत ते ठीक. बियाणं दुसऱ्या राज्यातल्या उंचीवरचं होतं, ते चूक. याच पठारावरचं, शक्यतो त्याच दरीतलं बी घ्यायचं, शरदाच्या अखेरीला, पिशवी धरून फांद्या झोडपायच्या. पेरायचं असेल तर बी मातीत गाडू नकोस, त्याला उजेड लागतो, बर्फावर फेकावं. जागा निवडताना उत्तरेकडचा उतार बघ, बर्फ साचतो तो खळगा बघ, आणि मुख्य म्हणजे कुठे जुनी झुडपं वाचली आहेत ते बघ. त्यांच्या कडेने लाव. मधोमध मोकळ्यावर रांगा धरून लावू नकोस, त्या फोटोपुरत्याच असतात.

पत्रात एके ठिकाणी तू विचारलंस, ‘पण देणगीदारांना दाखवायला काय असेल?’ इथेच मी पहिलं पान फाडलं. तू आत्ता चोवीस वर्षांची आहेस. या वयात हा प्रश्न पडायला नको. तुला हा प्रश्न ज्यांनी शिकवला त्यांच्यावर माझा राग आहे.

आणि स्वतःवरही. कारण मीही तेच दाखवत होते. मी तेव्हा ज्या गटात होते त्या गटाने जळालेला एक उतार घेतला होता. सलग सहा हिवाळे आम्ही तिथे राबलो. शाळेची मुलं यायची, बातमी छापून यायची, मी पुढे उभी राहून बोलायची. त्या उतारापासून चार मैलांवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान होतं. 1985 च्या शेती कायद्यातून आलेल्या, जमीन न नांगरण्याबद्दल पैसे देणाऱ्या सरकारी योजनेत त्याने गव्हाची जमीन गवताखाली ठेवली होती आणि त्याला लागून कधीच न नांगरलेली सेजब्रशची पट्टी होती, गुडघ्यापासून कंबरेपर्यंत झुडपं, खाली माती शेवाळाने मऊ. तिथे ग्राऊज नाचायला यायचे. कराराची मुदत संपत आली तेव्हा त्याने मला दोनदा फोन केला. कागद समजत नाहीत, येऊन बसशील का, एवढंच म्हणाला. मी म्हटलं, लागवडीचा हंगाम संपला की येते.

हंगाम संपला तेव्हा रान मुलाच्या हाती गेलं होतं, आणि मुलाने नांगर घातला. त्याला मी दोष देत नाही, त्याला कर्ज फेडायचं होतं. पुढच्या मार्चमध्ये मी पहाटे तिथे गेले. काही नर आले होते. ओल्या नांगरटीत, त्याच जागेवर, छातीच्या पिवळ्या पिशव्या फुगवून नाचत होते, कारण हे पक्षी नाचाची जागा सोडत नाहीत. आणखी दोन वर्षं आले. नंतर आले नाहीत. आमच्या सहा हिवाळ्यांच्या उतारावर आजही चीटग्रास आहे.

एका दुपारचं काम होतं ते, मुली. ओसरीवर बसून कागद भरायचे होते.

माझे वडील शाळूची राखण करायचे. पेरणीच्या दिवशी घरात केवढी गडबड असायची, तिफणीला हळदकुंकू, बैलांना घास. राखणीला काही नसायचं. पहाटेची थंडी, माच्यावर घोंगडी आणि गोफण. दोन महिने माणूस तिथे बसायचा आणि सांगण्यासारखं काही घडायचं नाही. काही घडलं नाही म्हणूनच घरात ज्वारी यायची. आई म्हणायची, पेरणारे गावभर असतात, राखणारा एक सापडत नाही. इथे मला ते रोज आठवतं.

माझ्याबद्दल तू काही ऐकलं असशील. मी लागवडीच्या विरोधात आहे, जळालेल्या जमिनीला मी मेली म्हणते, बैठकीतून उठून गेले होते. उठून गेले हे खरं. पुढच्या पाच वर्षांचा बहुतेक पैसा रोपांवर आणि उरलेल्या जिवंत रानासाठी नुसतं ‘निरीक्षण’ असं लिहिलेला कागद समोर आला तेव्हा मी उठले. आवाज चढला होता, तो चढायला नको होता. पण म्हणणं मागे घेत नाही. जळालेलं सोडून द्या असं मी कधी म्हटलं नाही. जिवंत रानाच्या काठापासून बाहेर सरकत जा, कारण बी तिथून येतं, पक्षी तिथून येतो, असं म्हटलं. काठच राहिला नाही तर लावलेल्या रोपांकडे कोण येणार? कधी कधी रात्री वाटतं की जरा गोड बोलले असते तर निदान निम्मं ऐकलं असतं. मग त्या नांगरटीतले नर आठवतात आणि गोड बोलायची इच्छा जाते.

म्हणून सांगते, ती लहान नोकरी घे. पगार कमी आहे हे मला माहीत आहे, व्हिसाचं गणित अवघड आहे हेही. त्यासाठी विद्यापीठातल्या तुझ्या बाईंशी मी बोलेन, मला संकोच नाही. त्या नोकरीत तू शेतकऱ्यांची नावं शिकशील, त्यांच्या गाईंची, कुत्र्यांचीही. कुणाचा करार कधी संपतो ते भिंतीवर लिहून ठेव. शरदात चीटग्रास उगवायच्या आधी कुठे तणनाशक मारायचं आणि कुठे अजून देशी गवताचे झुबके दाट आहेत म्हणून हातही लावायचा नाही, ते पायी फिरून ठरव, नकाशावरून नको. रस्त्याच्या कडेचं वाळलं गवत कापून घे, कितीतरी आगी तिथूनच आत जातात. कुणी म्हणेल यात नवं काय केलंस, तर म्हणू दे. उभं आहे ते आधी राख.

आणि तुझी पाच रोपं विसरू नकोस. त्यांच्या झेंड्यांवर तारीख घाल. ती कुठे जगली, कशाच्या आडोशाला, बर्फ कुठे साचला होता, एवढं मला लिहून पाठव. मला खरंच हवं आहे ते.

ऑक्टोबरात दोन दिवस काढून इकडे ये. पठारावर नाचाच्या एका जागेला लागून काटेरी तारेचं कुंपण आहे. पहाटेच्या अंधारात ग्राऊज खालून उडत येतात, तार त्यांना दिसत नाही, आणि दर वसंतात मला तिथे पिसं सापडतात. वरच्या तारेला प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या अडकवायच्या आहेत. अर्धं कुंपण मी उन्हाळ्यात केलं, दोन मैल राहिलेत, आणि ते मार्चच्या आत व्हायला हवेत. बर्फ पडला की गाडी तिथवर जात नाही. जाड बूट आण. हातमोजे माझ्याकडे जास्तीचे आहेत.

तुझी,
मावशी