मोठी कॉलनी उचलू नकोस

अनेक आशीर्वाद.

जिवाणूत बसवायच्या तुझ्या जनुकीय सर्किटचा आराखडा दोनदा वाचला. पाच रिप्रेसर, म्हणजे जनुकं दाबून ठेवणारी प्रथिनं, तीन इनपुट, कागदावर सगळं चोख. त्यातले तीन रिप्रेसर आत्ताच काढून टाक.

रागावू नकोस. 2000 साली एलोविट्झ आणि लाइब्लर यांनी ई. कोलाय या जिवाणूमध्ये तीनच रिप्रेसर गोल साखळीत बसवले: लॅकआय टेटआरला दाबतो, टेटआर सीआयला, सीआय परत लॅकआयला. पेशी उजळत-विझत राहिल्या खऱ्या, पण सगळ्या नाहीत, सुमारे 40 टक्के. त्यासाठीही प्रथिनं लवकर मोडावीत म्हणून त्यांना शेपट्या जोडाव्या लागल्या होत्या.

‘सर्किट’ हा शब्दच मुळात फसवा. तारेतला प्रवाह तारेत राहतो. पेशीत सगळं एकाच पाण्यात मिसळलेलं. म्हणून एकच रिप्रेसर दोन ठिकाणी वापरता येत नाही. आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोम? ते पेशीचे, तिच्या जगण्यासाठीचे. आपण ते उसने घेतो.

हे मी कशी शिकले ते सांगते. माझ्या पहिल्या सर्किटच्या प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढ्या कॉलनी, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, होत्या, मध्येच तीन-चार टपोऱ्या. मी हौसेनं टपोरी उचलली. रात्रभर वाढवली, सकाळी इंड्यूसर, म्हणजे सर्किट चालू करणारं रसायन, घातला. हिरवं काहीच दिसेना. मग तीन आठवडे आरबीएस, म्हणजे रायबोसोम जिथे बसतो तो तुकडा, बदलत बसले. शेवटी सीक्वेन्सिंग केलं, तर प्रमोटरमध्येच, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यातच, म्युटेशन! सर्किट मोडलेल्या पेशीचं ओझं उतरलं होतं, म्हणून तर ती टपोरी झाली होती. वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या जिवाला आपलं जीएफपी, ते हिरवं चमकणारं प्रथिन, कशाला हवंय? त्या दिवसापासून मी बारक्या कॉलनी उचलते, आणि सीक्वेन्स तपासला की लगेच ग्लिसरॉल स्टॉक करते, म्हणजे ग्लिसरॉलमध्ये पेशी गोठवून ठेवते.

उरलेल्या दोन रिप्रेसरचा टॉगल स्विच कर. दोघांनी एकमेकांना दाबायचं. गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी तोही 2000 सालीच केला. इंड्यूसर धुऊन काढल्यावरही पेशी आपली बाजू धरून ठेवते, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एक बाजू फार जोरकस झाली तर स्विच तिकडेच अडकतो, तेव्हा आधी प्रत्येक प्रमोटर एकेकटा मोज. इंड्यूसर नसताना किती गळतो, म्हणजे बंद असायला हवा तेव्हाही किती चालू राहतो, तेही. सोबत रिकाम्या प्लाझ्मिडचा, म्हणजे सर्किट न घातलेल्या डीएनएच्या कड्याचा, कंट्रोल तुलनेला हवाच.

पुढच्या पत्रात स्विचवाल्या आणि रिकाम्या प्लाझ्मिडवाल्या पेशींच्या वाढीचे आलेख एकाच कागदावर पाठव. चमकणाऱ्या पेशींचे फोटो मागाहून.